सुकवणीच्या खोलीचा शांत पंखा : द्रव्यरक्षणाचा एक घरगुती उपाय

औषधी द्रव्य कोणत्या ऋतूत, कोणत्या भूमीतून आणि कोणत्या अवस्थेत ग्रहण करावे, याविषयी आपण सारे विद्यार्थिदशेपासून वाचत आलो आहोत. मात्र द्रव्य दारी आल्यापासून त्याचे चूर्ण होईपर्यंतच्या मधल्या काळात त्याचे काय होते, याकडे आपले लक्ष कमी जाते. ओले द्रव्य नीट सुकले नाही, तर उत्तम भूमीतून, योग्य काळी आणलेले द्रव्यही वाया जाते. आणि सुकण्याचा सारा व्यवहार हवेच्या येण्याजाण्यावर अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात सुकवणीच्या खोलीसाठी आम्ही तयार करून घेतलेल्या एका शांत पंख्याची माहिती देत आहोत. विषय सुताराचा व वायरमनचा वाटेल; पण त्याचा शेवट रुग्णाच्या पोटात जाणाऱ्या औषधापाशी होतो, म्हणून तो वैद्यांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहोत.

शास्त्राची अपेक्षा

चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात, मदनकल्पात, संगृहीत द्रव्ये कोठे व कशी ठेवावीत हे सांगितले आहे. आगाराचे दार पूर्वेस वा उत्तरेस असावे, आत वाऱ्याचा झोत नसावा, तरी एका भागातून हवा खेळती असावी, आणि द्रव्यांना आग, पाणी, दमटपणा, धूर, धूळ, उंदीर व चतुष्पाद प्राणी यांचा उपसर्ग होऊ नये म्हणून ती झाकून शिंक्यावर टांगावीत, असा त्याचा आशय आहे. सुश्रुताचार्यांनीही सूत्रस्थानात औषधसंग्रहाचे घर सर्व ऋतूंत धूर, पाऊस, वारा व ओल यांपासून मुक्त असावे असे म्हटले आहे.

या दोन्ही वचनांत वरवर पाहता एक विरोध दिसतो. वारा नको, पण हवा हवी. विचार केल्यावर त्यातील मर्म ध्यानात येते. वाऱ्याचा झोत धूळ आणतो, पाने उडवितो आणि सुगंधी द्रव्यांतील उडनशील अंश घेऊन जातो. हवा मुळीच हलली नाही तर ओल साचते. अपेक्षा आहे ती मंद, सतत आणि एका ठरावीक वाटेने जाणाऱ्या हवेची.

मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांत छताला साणे असे. चुलीचा धूर व उष्ण हवा त्यातून वर जाई आणि दारातून ताजी हवा आत येई. विजेविना चालणारे हे वायुवीजनच होते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर दगडमातीची ही घरे मागे पडली आणि स्लॅबची व पत्र्याची घरे वाढली. जीवितरक्षणाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु साणे गेले आणि त्याचे काम करणारे दुसरे काही आपण बसविले नाही.

कायद्याचाही विचार करावा लागतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांत २००० साली आलेल्या अनुसूची ‘टी’ने आयुर्वेदीय औषधनिर्मितीसाठी जागा, साठवण व वायुवीजन यांच्या अटी घातल्या. केवळ स्वतःच्या रुग्णांना देण्यासाठी औषध तयार करणाऱ्या आणि ते बाजारात न विकणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांना त्यातून सूट आहे. मात्र ही सूट कायद्याची आहे. बुरशी कोणालाही सूट देत नाही.

आमची चूक

नांदेड येथील आमच्या चिकित्सालयात तपासणीच्या खोलीला लागून सुकवणीची लहान खोली आहे. तिच्या भिंतीत आम्ही नऊ इंची, वेगाने फिरणारा साधा एक्झॉस्ट पंखा बसविला होता. हवा तो भरपूर ओढीत असे. पण त्याची घरघर भिंतीतून तपासणीच्या मेजापर्यंत पोहोचे. स्टेथोस्कोपने हृदयाचे ध्वनी ऐकताना वा रक्तदाब मोजताना व्यत्यय येई. शिरोधारेच्या रुग्णास तर निद्रा येण्याऐवजी कपाळावर आठ्या पडत. परिणामी रुग्ण आला की पंखा बंद करण्याची पद्धत पडली. रुग्ण गेल्यावर तो पुन्हा सुरू करण्याचे कोणाच्या ध्यानी राहत नसे, आणि रात्री तर तो बंदच असे.

एका श्रावणात ओली गुळवेल व ब्राह्मी एकाच वेळी आली. चौथ्या दिवशी वरची पाने कोरडी दिसली म्हणून आम्ही निर्धास्त झालो. तट्टी उलटली तेव्हा खालच्या बाजूस पांढुरकी, मध्येच हिरवट बुरशी होती. सारा माल टाकून द्यावा लागला. नुकसानीपेक्षा एका विचाराने आम्ही अस्वस्थ झालो. तट्टी न उलटता तसेच चूर्ण केले असते, तर ती बुरशी कोणालाही दिसली नसती. दमट द्रव्यावर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृतघातक विष निर्माण करतात आणि ते साध्या उन्हाने वा भाजण्याने पूर्णतः नष्ट होत नाही. यकृतासाठी दिलेल्या औषधातूनच यकृताला विष मिळावे, याहून मोठा दोष कोणता?

दोष पंख्याच्या शक्तीत नव्हता. आवाज करणारा पंखा माणसे बंद करतात आणि बंद पंखा निरुपयोगी असतो. म्हणून शांतता ही चैन नसून वायुवीजनाची पहिली अट आहे, हे आम्हांस तेव्हा उमगले.

हवेचे साधे गणित

दहा किलो ओली ब्राह्मी सुकविताना आठ किलोहून अधिक पाणी हवेत जाते. आता आमच्या खोलीचा विचार करू. दहा फूट लांब, आठ फूट रुंद, दहा फूट उंच, म्हणजे ८०० घनफूट. २७ अंश सेल्सिअस तापमानास पूर्ण संपृक्त हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २६ ग्रॅम पाणी वाफरूपाने राहते. पावसाळ्यात बाहेरील हवेची आर्द्रता ८० टक्के असली, तर सुमारे २१ ग्रॅमची जागा आधीच भरलेली असते. उरले प्रत्येक घनमीटरमागे पाच ग्रॅम. आमच्या खोलीत सुमारे २३ घनमीटर हवा मावते. म्हणजे बंद खोलीतील सगळी हवा मिळून जेमतेम १२० ग्रॅम पाणी सामावून घेऊ शकते! आठ किलोपैकी उरलेल्या पाण्याने कोठे जावे? ते पानांतच राहते, आणि तेथेच बुरशीस आमंत्रण मिळते.

हीच हवा तासाला बारा वेळा बदलली, तर मिनिटाला १६० घनफूट, म्हणजे तासाला सुमारे २७० घनमीटर हवा बाहेर जाते. प्रत्येक घनमीटरने दोन-सव्वादोन ग्रॅम पाणी नेले, तरी तासाला पाचशे ते सहाशे ग्रॅम पाणी निघून जाते. प्रत्यक्षात पान आपल्या गतीने पाणी सोडते, म्हणून सुकण्यास दोन-तीन दिवस लागतात; पण हवा वाट अडवीत नाही. आपल्या खोलीचे घनफूट काढून त्यास पाचाने भागावे. येणारी संख्या म्हणजे मिनिटाला लागणारे घनफूट, हा सोपा आडाखा आहे.

आवाज कोठून येतो

पंख्याच्या आवाजाची चार मूळस्थाने आहेत. पहिले, पात्यांनी हवा कापण्याचा आवाज. दुसरे, मोटारीचा गुणगुणाट. तिसरे, भिंतीत वा पत्र्यात उतरणारा कंप. चौथे, हवेच्या वाटेनेच आवाजाचे आपल्यापर्यंत येणे. चिकित्सेप्रमाणे येथेही निदानपरिवर्जन प्रथम करावे. आवाज झाल्यावर तो दाबण्यापेक्षा तो उत्पन्नच कमी व्हावा हे बरे.

यातील मुख्य सूत्र असे : पंखा मोठा घ्यावा आणि हळू फिरवावा. पंख्याचा वेग निम्मा केला की हवेचे प्रमाण निम्मे होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. आणि दहा डेसिबलची घट कानाला आवाज निम्मा झाल्यासारखी वाटते. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. वेग निम्मा झाला की पंख्याचा दाब चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून हळू पंख्यापुढे अडथळा नसावा. हवेची वाट रुंद व मोकळी ठेवावी लागते.

पंखापेटीची रचना

आम्ही बारा इंची, मिनिटाला ९०० फेऱ्यांचा एक्झॉस्ट पंखा घेतला. याच आकारात १४०० फेऱ्यांचाही मिळतो, तो टाळावा. ९०० फेऱ्यांचा पंखा मोकळ्या हवेत मिनिटाला ५०० घनफुटांहून अधिक हवा देतो, म्हणजे वेग निम्मा केला तरी आपली गरज भागते.

सुताराकडून १९ मिलिमीटर प्लायवूडची साडेतीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच पेटी करून घेतली. ती खोलीच्या आत, छतालगत, बाहेरच्या भिंतीस जोडली आहे. पंखा पेटीत भिंतीकडील टोकास बसतो. खोलीतील हवा पेटीच्या दुसऱ्या टोकाने शिरते आणि मधल्या आडव्या फळीमुळे वळसा घेऊन पंख्यापर्यंत जाते. या वाटेचा छेद कोठेही पंख्याच्या तोंडाहून लहान नसावा. बारा इंची पंख्याचे तोंड ११३ चौरस इंच भरते. आम्ही वाट १४ इंच गुणिले १० इंच ठेवली. पंखा आणि वळण यांत एक फुटाचे अंतर सोडले, कारण पात्यांच्या अगदी जवळ जाळी वा फळी आली की शिट्टीसारखा आवाज येतो.

फळीची कसोटी सोपी आहे. खोलीतून पेटीच्या तोंडात डोकावल्यास पाती दिसता कामा नयेत. पाती दिसली, तर आवाजही सरळ बाहेर येतो. वळणावर आपटणारा आवाज शोषण्यासाठी पेटीस आतून एक इंच जाडीचे अस्तर दिले आहे. यासाठी आम्ही जुन्या घोंगडीच्या घड्या वापरल्या आणि त्यावर बारीक जाळी ठोकली. लोकर लवकर पेट घेत नाही. गादीचा फोम मात्र क्षणात पेटतो व विषारी धूर करतो, म्हणून तो कदापि वापरू नये. लोकरीस कसर लागते, यास्तव वर्षातून एकदा अस्तर काढून उन्हात टाकावे. अस्तराने तीव्र स्वर शोषला जातो. खर्जाचा गुणगुणाट त्याने फारसा कमी होत नाही. त्यासाठीच तर पंखा हळू फिरवायचा असतो.

कंप थांबविण्यासाठी पंख्याची चौकट पेटीला थेट आवळली नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चार-चार पदरी पट्ट्या मध्ये घातल्या आणि बोल्टलाही रबराचे बूच दिले. लोखंडाचा लाकडाशी एका ठिकाणी जरी स्पर्श राहिला, तरी कंप तेथून उतरतो. रबर कालांतराने चिरते, म्हणून पंख्यास एक सैल साखळीही बांधून ठेवावी. पेटी व भिंत यांच्या सांध्यातही रबराचीच पट्टी असावी.

बाहेरच्या तोंडास पत्र्याच्या पडत्या झडपा लावू नयेत; मंद हवेत त्या सतत खडखडतात. त्याऐवजी खाली तोंड असलेला छज्जा व पाव इंची जाळी पुरेशी होते. या जाळीतून उंदराचे पिलूही आत येत नाही.

हवा आत येण्याची वाट समोरच्या भिंतीत, जमिनीपासून फूटभर उंचीवर असावी. ती पंख्याच्या तोंडाच्या दुपटी-तिपटीने मोठी हवी. आम्ही दोन चौरस फूट ठेवली. तिला बाहेरून पाव इंची जाळी आणि आतून विरळ सुती कापड चौकटीवर ताणून लावले आहे. कापड दर आठवड्यास धुवावे. ते धुळीने भरले की हवा दाराच्या फटीतून शिरते आणि गाळण्याचा हेतूच नष्ट होतो. द्रव्याच्या तट्ट्या मांडणीवर वीतभर अंतराने ठेवाव्यात, म्हणजे खालून वर तिरपी जाणारी हवा त्यांच्यामधून जाते.

विजेची जोडणी

वेग कमी करण्यासाठी कपॅसिटरचा टप्प्याटप्प्याचा रेग्युलेटर वापरावा. स्वस्त इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने मोटार गुणगुणते. मोटारीस रेग्युलेटर चालतो की नाही, हे आधी विचारून घ्यावे. पंखा नेहमी पूर्ण वेगाने सुरू करून मग हळू करावा. दाब कमी असताना हळू टप्प्यावर सुरू केल्यास मोटार जागीच अडून जळू शकते. जुन्या पद्धतीच्या चौरस तरंगाच्या इन्व्हर्टरवरही मोटारी गुणगुणतात. इन्व्हर्टर घ्यायचाच तर शुद्ध साइन तरंगाचा घ्यावा. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी, अर्थिंग व एमसीबी अवश्य असावे. चूर्ण करण्याचे यंत्र या खोलीत चालवू नये. उडणारी भुकटी मोटारीत साचून आगीचे कारण होते.

संततधार पाऊस असेल तेव्हा

पंखा हा सर्व व्याधींवरील उपाय नव्हे. झड लागून बाहेरची आर्द्रता ९० टक्क्यांपुढे गेली, की ती हवा आत घेऊन लाभ होत नाही. उलट वाळत आलेले द्रव्य पुन्हा ओल धरते. अशा वेळी येणारी हवा किंचित उबदार करावी लागते. २७ अंशांची ९० टक्के आर्द्र हवा ३२ अंशांपर्यंत तापविली, की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७० टक्क्यांवर येते. पाणी तेवढेच राहते, पण हवेची धारणशक्ती वाढते. आमच्या खोलीत यासाठी सुमारे ४५० वॅटची उष्णता लागते. पंखा आणखी मंद केल्यास त्याहून कमीत भागते. तापक आत येणाऱ्या हवेच्या वाटेवर, जाळीच्या पिंजऱ्यात, द्रव्यापासून किमान दोन फूट दूर आणि थर्मोस्टॅटसह असावा. सुगंधी द्रव्यांच्या खोलीचे तापमान ४० अंशांपुढे जाऊ देऊ नये. तापकाखेरीज काही शक्य नसेल, तर झडीच्या दिवसांत ओले द्रव्य घेऊच नये, हे उत्तम.

यावरून खोलीत आर्द्रतामापक असणे किती आवश्यक आहे हे कळेल. एक आत व एक बाहेर असावा. ओले द्रव्य असताना बाहेरच्यापेक्षा आतील आर्द्रता फार अधिक दिसली, तर हवा अपुरी आहे असे समजावे.

कामाची परीक्षा

पेटी बसविल्यावर आम्ही तीन परीक्षा केल्या. हवेच्या वाटेपुढे उदबत्ती धरली. धूर संथपणे आत गेला आणि मांडणीतून वर चढला. दाराच्या फटीपाशी धूर जोराने ओढला गेला असता, तर मुख्य वाट अपुरी आहे असा अर्थ झाला असता. दुसरी परीक्षा स्टेथोस्कोपची. त्याचे मुख पेटीवर, चौकटीवर व भिंतीवर ठेवून ऐकले. एका बोल्टपाशी गुरगुर स्पष्ट होती. तेथे रबर सरकले होते. वैद्याच्या हातातील हे साधन यंत्राच्या निदानासही उपयोगी पडते. तिसरी परीक्षा तराजूची. खुणेची एक तट्टी सकाळ-सायंकाळ तोलावी. लागोपाठ दोन तोलांत वजन बदलले नाही, आणि काडी न वाकता कटकन मोडली, तर सुकवण पूर्ण झाली. केवळ वरची पाने पाहून निर्णय करू नये. आमची चूक तीच होती.

आता पंखा अहोरात्र चालतो. तपासणीच्या खोलीत तो ऐकू येत नाही, म्हणून कोणी बंद करीत नाही.

लातूरची कोठी व रोपांची खोली

एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे ओलीची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. तेथील एका औषधविक्रेत्या स्नेह्यांचाही तोच समज होता. उन्हाळ्यात तेथील हवा इतकी कोरडी असते की काष्ठौषधी पंख्याविना सुकतात. त्या दिवसांत शत्रू धूळ असते. परंतु त्यांच्या बंद कोठीत भाद्रपदात शतावरी मऊ पडे व अश्वगंधेस कीड लागे. कोरड्या द्रव्याच्या कोठीत पंखा अहोरात्र चालविणे चुकीचे ठरते. तेथे आतील आर्द्रता ६५ टक्क्यांखाली ठेवणे हे ध्येय असते. म्हणून त्यांनी बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेव्हाच, बहुधा उघाडीच्या दुपारी, पंखा लावण्याचा नियम केला. एरवी पेटीचे तोंड झाकून ठेवतात आणि द्रव्ये घट्ट झाकणाच्या पिंपांत असतात. एकच पेटी, पण ऋतू व कार्य पाहून तिची योजना वेगळी.

काही वैद्यबंधू ब्राह्मी, मंडूकपर्णी आदींची रोपे घरात, दिव्याखाली वाढवितात. हवा कोंडली की तेथे कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. त्यांनाही हीच पेटी चालेल. मात्र झोत रोपांवर येऊ नये आणि उन्हाळ्यात कोरड्या हवेने रोपे सुकू नयेत म्हणून वेग अगदी मंद ठेवावा.

औषधाच्या प्रभावाविषयी रुग्ण शंका घेतो तेव्हा आपण पथ्य, काल, मात्रा यांची चर्चा करतो. कधीकधी कारण आपल्याच बंद खोलीत, उलटून न पाहिलेल्या तट्टीखाली असते. ज्या वैद्यबंधू-भगिनींकडे व औषधविक्रेत्यांकडे द्रव्य सुकविण्याची वा साठविण्याची खोली आहे, त्यांनी या पावसाळ्यात प्रथम एवढेच करावे : एक आर्द्रतामापक आणून आठवडाभर सकाळ-सायंकाळ नोंद ठेवावी. पंख्याची गरज आहे की नाही, हे ती नोंदच सांगेल. या पेटीत ज्यांनी काही सुधारणा केली असेल, त्यांनी ती याच पानांतून सर्वांना कळवावी, ही नम्र विनंती.